‘समाचार’ : जुन्या वृत्तपत्रांतील एका शब्दाचे अर्थ (स्वागताध्यक्षीय भाषण)

‘समाचार’ हा संस्कृतात आचरणाचा, वागण्याच्या रीतीचा शब्द. जैन साधूंच्या आचारनियमांना ‘सामाचारी’ म्हणतात, त्यात हा अर्थ आजही शाबूत आहे. कोण कसा वागतो, कसा आहे, याची हकिकत म्हणजे समाचार, आणि हकिकतीवरून बातमी, अशी या शब्दाची वाटचाल दिसते. छापखाने आले तेव्हा शेजारच्या भाषांतील पत्रांनी तो बातमी याच अर्थाने उचलला. १८१८ साली श्रीरामपूरहून बंगाली ‘समाचार दर्पण’ निघाले. १८२२ साली फर्दुनजी मर्झबान यांनी मुंबईत गुजराती ‘मुंबई समाचार’ सुरू केले.

मराठीत मात्र ती जागा ‘वर्तमान’ने आधीच धरली होती. पत्रव्यवहारात ‘इकडील वर्तमान’ कळवण्याची रीत जुनी. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, आणि पुढे असल्या पत्रांना सरसकट ‘वर्तमानपत्र’ हेच नाव पडले. ख्रिस्ती मंडळींच्या ‘शुभवर्तमाना’तही वर्तमान म्हणजे वार्ताच. ‘बेळगाव समाचार’सारखी नावे मराठीत झाली, म्हणजे बातमी हा अर्थ परका नव्हता, पण रोजच्या लिहिण्यात समाचाराने ‘घेणे’ या क्रियापदाशी संसार थाटला, आणि त्याचे खरे वैभव तिथे आहे.

जुन्या अंकात एखादा अधिकारी कुणाचा ‘समाचार घेण्यास’ गेला असे आढळले, तर आधी पुढचा-मागचा मजकूर पाहावा लागतो. आजाऱ्याच्या घरी गेला असेल तर ती विचारपूस. घरात मृत्यू झाला असेल तर तो सांत्वनासाठी गेला. ‘समाचाराला जाणे’ हे आजही जुन्या घरांतून याच अर्थाने बोलले जाते. एखाद्या ग्रंथाचा किंवा प्रतिपक्षाच्या लेखाचा समाचार घेतला असेल तर ती झडती. त्याआधी ‘खरपूस’, ‘चांगलाच’ अशी विशेषणे आली की शंकेला जागा उरत नाही. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली, १८८१ साली ‘केसरी’ आणि १८८८ साली आगरकरांचे ‘सुधारक’. वादांच्या या काळातले लेखन वाचताना समाचाराचा हा धारदार अर्थ सतत हाताशी ठेवावा लागतो. आणखी एक अर्थ पंगतीतला: लाडवांचा समाचार घेतला म्हणजे ते भरपूर खाल्ले.

मायेची चौकशी आणि खरडपट्टी एकाच शब्दात कशी राहते, याचा उलगडा नर्मदेच्या या काठावर, जबलपुरात, सहज होतो. हिंदीत समाचार म्हणजे केवळ बातमी. पण ‘खबर लेना’ म्हणजे विचारपूस करणे आणि फैलावर घेणे, दोन्ही. दोन्ही भाषांत बातमीच्या शब्दाला ‘घेणे’ जोडले गेले आणि दोन्हींकडे अर्थ त्याच दोन दिशांना फुटला. चौकशी आपुलकीने होते, तशीच जाब विचारण्यासाठीही होते. दोन्ही अर्थांचे मूळ या एकाच गोष्टीत असावे.

जबलपूर १७९८पासून १८१७पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होते, आणि पुढे नागपूरशी त्याचा कारभार पुन्हा दीर्घकाळ जोडला गेला. इथल्या मराठी घरांना म्हणूनच मराठीतला आणि हिंदीतला असे दोन्ही समाचार एकाच दिवशी वापरावे लागतात. माधवराव सप्रे यांना तर ते लेखणीने सांभाळावे लागले. दमोह जिल्ह्यातील पथरियाला १८७१ साली जन्मलेल्या या मराठीभाषक संपादकाने १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ आणि १९०७ साली नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. ‘केसरी’तल्या ‘समाचार घेतला’ या शब्दांना हिंदीत ‘समाचार लिया’ म्हटले, तर वार केल्याचे वाचणाऱ्याला कळणारही नाही. तिथे ‘खबर ली’ हेच हवे. ‘परामर्श’ही असाच फसवा: मराठीत तो आढावा, हिंदीत सल्ला.

ग्वारीघाटावर या संमेलनासाठी आलेल्या प्रतिनिधींचे स्वागत समिती मनापासून स्वागत करते. जुन्या पत्रांच्या फायली चाळणाऱ्या अभ्यासकांना तिची विनंती एवढीच, की ‘समाचार’ सापडेल तिथे पत्राचे नाव, तारीख, सदर आणि सोबतचे क्रियापद टिपून ठेवावे. अग्रलेखातला समाचार आणि स्थानिक वृत्तातला समाचार वेगवेगळे नोंदले गेले, तरच यातला कोणता अर्थ केव्हा पुढे आला आणि केव्हा मागे पडला, हे शब्दकोशकाराला सांगता येईल.