ट्रान्स्फर केसचें तेल

चारहि चाकांना जोर देणाऱ्या मालमोटारींत गिअरपेटीमागें ट्रान्स्फर केस असते. इंजिनाची शक्ति ती पुढच्या-मागच्या आंसांस वांटून देते. अमेरिकन मालमोटारींतील न्यू प्रोसेस २०५ ही बिडाची पेटी केवळ दंतचक्रांची. तिला दाट गिअर-तेल मानवतें. १९८० च्या सुमारास आलेल्या २०८ मध्यें मात्र सांखळी व छोटा तेलपंप असल्यानें ऑटोमॅटिक गिअरपेटीचें पातळ तेलच लागतें. दाट तें उत्तम, ही समजूत येथें गाडीच्या मुळावर येते.

तेल कोमट असतां बदलावें; पण आधीं भरण्याचें बूच सैल करून पाहावें. जुनें तेल काढून टाकल्यावर तें बूच गंजलेलें निघालें, तर गाडी जागची हलवितां येत नाहीं! नवें तेल छिद्राच्या कांठाशीं येतांच थांबावें.