पाण्याखालची बैठक



आपल्या लक्षद्वीपच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, मालदीव नावाचा देश आहे. सुमारे बाराशे बेटं आणि त्यांतल्या दोनशेच्या आसपास बेटांवर माणसांची वस्ती. तिथली धिवेही भाषा सिंहलीची बहीण आणि आपल्या मराठीची दूरची नातलग. मात्र ती लिहिली जाते उजवीकडून डावीकडे. या देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून अडीच मीटरही वर नाही. आपल्या घराचं छतसुद्धा याहून उंच असतं. या चिमुकल्या देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

नशीद यांचा जन्म १९६७ सालचा, राजधानी मालेमधला. शिक्षण श्रीलंकेत आणि नंतर इंग्लंडमध्ये. मायदेशी परतल्यावर त्यांनी पत्रकारिता सुरू केली. तेव्हा १९७८ पासून मौमून अब्दुल गयूम यांची सत्ता होती आणि सरकारवर टीका करणं म्हणजे तुरुंगाची वाट धरणं. नशीद यांनी ती अनेकदा धरली. १९९१ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्यांना 'सदसद्विवेकाचा कैदी' म्हटलं. २००३ मध्ये एका तरुण कैद्याचा तुरुंगात मारहाणीत मृत्यू झाला आणि मालेची जनता रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी नशीद यांनी देश सोडला आणि परदेशातून मालदिवियन डेमोक्रॅटिक पक्षाची घोषणा झाली. २००५ मध्ये ते परतले. ऑक्टोबर २००८ मध्ये देशाची पहिली बहुपक्षीय राष्ट्राध्यक्षीय निवडणूक झाली. तीस वर्षांची सत्ता मतपेटीतून उलथली आणि कालचा कैदी राष्ट्राध्यक्ष झाला.

निवडून येताच नशीद म्हणाले, पर्यटनाच्या उत्पन्नातला काही भाग बाजूला ठेवू आणि वेळ आलीच तर भारतात, श्रीलंकेत किंवा ऑस्ट्रेलियात जमीन घेऊ. राष्ट्रप्रमुखानं आपल्या प्रजेसाठी दुसरीकडे जमीन शोधावी, ही कल्पनाच काळजाला चटका लावणारी. मार्च २००९ मध्ये त्यांनी दहा वर्षांत मालदीव कार्बनमुक्त करण्याचा संकल्प सोडला. १७ ऑक्टोबर २००९ रोजी तर त्यांनी मंत्रिमंडळाची बैठक समुद्रात घेतली. गिरिफुशी बेटाजवळ, सुमारे वीस फूट पाण्याखाली, पाठीवर हवेच्या नळ्या बांधून मंत्री टेबलाभोवती बसले. बोलणं हातांच्या खुणांनी. जगानं कार्बन वायूंचं प्रमाण कमी करावं, अशा आवाहनावर पाण्यातच सह्या झाल्या. कुणी याला तमाशा म्हटलं. पण ज्याच्याकडे ना मोठी फौज ना मोठा खजिना, त्यानं जगाचं लक्ष वेधायचं तरी कसं?

पुढच्याच महिन्यात मालेमध्ये हवामानबदलाची झळ बसणारे अकरा देश एकत्र आले आणि त्यांचा मंच उभा राहिला. डिसेंबरात कोपनहेगनची परिषद झाली. मोठी राष्ट्रं तापमानवाढ दोन अंशांवर रोखण्याची भाषा करत होती. बेटांचं म्हणणं होतं, दीड अंश. अर्धा अंश म्हणजे आपल्याला अंगावरच्या चादरीएवढा फरक. प्रवाळाच्या बेटांना मात्र तो जगण्यामरण्याचा. करारात दोन अंशच राहिले, पण दीड अंशाचा पुढे विचार करण्याची नोंद झाली. नशीद यांनी करार स्वीकारला, म्हणून काही गरीब देश नाराज झाले. बुडत्याला काडीचा आधार, असं आपण म्हणतो. ती काडी होती.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी २०१२ मध्ये नशीद यांच्या सरकारनं फौजदारी न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांना लष्कराकरवी अटक केली. गयूम यांच्या काळातल्या न्यायव्यवस्थेविरुद्ध त्यांची तक्रार खरीही असेल. पण ज्यानं विनाचौकशी कैद सोसली, त्यानं हा मार्ग धरावा, हे बोचतं. निदर्शनं पेटली, पोलिसांनी बंड केलं आणि ७ फेब्रुवारीला नशीद यांनी राजीनामा दिला. तो बंदुकीच्या धाकानं घेतला, असं ते दुसऱ्या दिवशी म्हणाले; चौकशी आयोगानं मात्र सत्तांतर कायदेशीर ठरवलं. २०१३ मध्ये अटक टाळण्यासाठी ते काही दिवस मालेतल्या भारतीय उच्चायुक्तालयात राहिले. त्याच वर्षी निवडणूक थोडक्यात हरले. मार्च २०१५ मध्ये त्या न्यायाधीशाच्या अटकेवरूनच, दहशतवादविरोधी कायद्याखाली, त्यांना तेरा वर्षांची शिक्षा झाली.

डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस करारात दीड अंशाचं उद्दिष्ट लिहिलं गेलं, तेव्हा ज्यानं त्यासाठी एवढी धडपड केली, तो माणूस शिक्षा भोगत होता. पुढच्या महिन्यात उपचारासाठी ब्रिटनला गेल्यावर त्यांनी तिथं आश्रय घेतला. २०१८ मध्ये सत्ता बदलली, शिक्षा रद्द झाली, २०१९ मध्ये ते संसदेचे सभापती झाले. ६ मे २०२१ रोजी घराबाहेर झालेल्या बॉम्बहल्ल्यातून ते वाचले. मग जुन्या मित्रांशी बिनसलं, पक्ष सुटला, २०२३ मध्ये सभापतिपदही सोडलं. २०२४ मध्ये, मालेमध्ये जन्मलेल्या त्याच मंचाचे ते महासचिव झाले. अकरा देशांचा मंच आता सत्तरच्या घरात पोहोचला आहे.

हाती काय लागलं, असं कुणी विचारेल. कार्बनमुक्तीची दहा वर्षांची मुदत उलटून गेली. मालदीवची वीज अजून मुख्यतः डिझेलवरच होते. देशाचं पोट पर्यटनावर आणि पर्यटक येतात इंधन जाळणाऱ्या विमानांनी. २०२४ मध्ये पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत प्रथमच वर्षभरासाठी दीड अंशाच्या वर गेलं. एका वर्षानं उद्दिष्ट मोडत नाही, पण इशारा स्पष्ट आहे.

तरीही मला वाटतं, नशीद यांनी दोन गोष्टी एकत्र बांधल्या. हवामानाचा प्रश्न हा केवळ धुराचा हिशेब नाही. ज्याचं नुकसान होतं, त्याला बोलता येतं का, हाही तो प्रश्न आहे. देशात ज्याच्या तोंडावर हात, त्याचं जगाच्या दरबारात कोण ऐकणार? हे त्यांनी तुरुंगात शिकून परिषदांत सांगितलं. आणि सत्तेत असताना स्वतःच ते एकदा विसरले. तो धडा म्हणूनच अधिक खरा वाटतो. समुद्राला बांध घालता येतो, बेटं भर घालून उंच करता येतात. पण बोलण्याची मोकळीक एकदा पाण्याखाली गेली, की ती वर काढायला पुन्हा तीस वर्षं लागू शकतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)