मुलांचे चित्त स्वस्थ राहावे म्हणून

(ज्ञातिसभेच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या समारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. कुमारवयातील मुलामुलींनी मनावरचा ताण रोजच्या रोज कसा आवरावा व चित्त स्वस्थ कसे ठेवावे, हा विषय मंडळानेच नेमून दिला. आम्ही चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकविले असल्यामुळे या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे, असे मंडळास वाटले असावे. परंतु हा विषय आम्हांस खऱ्या अर्थाने उमगला तो शाळेत नव्हे, आमच्याच घरी. आणि तोही आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती चूक प्रथम आपणांपुढे ठेवतो.

आमचा नातू यंदा दहावीच्या परीक्षेस बसला होता. गेल्या दिवाळीनंतर तो रात्री दीड-दोन वाजेपर्यंत पुस्तक घेऊन बसू लागला. त्याची जेवणावरची वासना उडाली. पोटात दुखते अशी तक्रार तो वरचेवर करी, धाकट्या बहिणीवर कारणावाचून खेकसे. आम्ही हा सारा हट्टीपणा समजलो. रोज सायंकाळी ज्ञातीतील कोणत्या मुलास किती टक्के गुण मिळाले, याचे दाखले आम्ही त्यास देत असू. आणि ते दाखले याच समारंभात वाचल्या जाणाऱ्या यादीतून घेतलेले असत. फेब्रुवारीतील एके रात्री तो आमच्या खोलीत आला, दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, “आजोबा, मला नव्वद टक्के नाही पडले, तर समारंभाला मी नाही आलो तर चालेल का? तुम्हांला लोक विचारतील ना?”

बंधुभगिनींनो, मुलास परीक्षेचे भय वाटते हे आम्ही जाणून होतो. या मुलास भय वाटत होते ते आमच्या प्रतिष्ठेचे. सारा जन्म मुलांत घालवूनही हे आमच्या ध्यानी आले नव्हते. तो आज येथे उपस्थित आहे आणि त्याच्याच अनुमतीने आम्ही हे बोलत आहोत.

आता मूळ विषयाकडे वळू. ताण हा मुळात शत्रू नव्हे. संकट समोर दिसताच हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात, पचनाचे काम मंदावते. शरीर लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होते. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात ही प्रक्रिया वर्णिली. वाघ समोर आला असता ती उपकारक आहे. परंतु प्रश्नपत्रिकेशी लढता येत नाही आणि तिच्यापासून पळताही येत नाही. वाघ क्षणात निघून जातो. टक्क्यांची चिंता सहा-सहा महिने घरात मुक्काम करते. चुलीत जाळ नसेल तर भाकरी कच्ची राहते, जाळ बेताचा असेल तर तिला पदर सुटतो, आणि जाळ सारखा भडकता ठेवला तर ती करपते. थोडी धास्ती मुलास अभ्यासास बसवते. अखंड धास्ती त्याच्या स्मरणशक्तीसही करपवून टाकते.

मुलांनो, हा जाळ बेताचा ठेवण्याचे काही साधे उपाय तुम्हांस सांगतो. त्यांस पैसा लागत नाही. नित्यनेम मात्र लागतो.

पहिला उपाय झोपेचा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास दररोज आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राशास्त्राचे जाणकार सांगतात. या वयात शरीराचे अंतर्गत घड्याळच उशिरा चालू लागते; म्हणून रात्री झोप लवकर येत नाही व सकाळी जाग लवकर येत नाही. वडीलधाऱ्यांनी यास आळस म्हणू नये. दिवसा वाचलेले पक्के होते ते झोपेत. तेव्हा झोप मोडून केलेला अभ्यास म्हणजे तळाला भोक असलेल्या रांजणात पाणी ओतण्यासारखे आहे. झोपेच्या तासभर आधी मोबाइल दूर ठेवावा व रात्री तो स्वयंपाकघरातच राहू द्यावा. हा नियम आईवडिलांनीही पाळला तरच मुले पाळतील.

दुसरा उपाय श्वासाचा. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात व बाहेर सोडतो तेव्हा किंचित मंदावतात. म्हणून चार अंक मोजत श्वास घ्यावा व सहा अंक मोजत सावकाश सोडावा. कोठेही श्वास कोंडू नये, जोर करू नये. पाच मिनिटांत शरीरास ‘संकट टळले’ असा निरोप पोहोचतो. प्राणायामाचा आपल्याकडील अभ्यास फार जुना. त्याचे प्रयोगशाळेत परीक्षण करण्यासाठी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. परंतु तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. परीक्षागृहात हा श्वास कामी यावयाचा असेल, तर त्याची सवय शांत दिवसांत लावून घेतली पाहिजे.

तिसरा उपाय शरीरश्रमाचा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी सरासरी साठ मिनिटे अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्यामागे हीच दृष्टी होती. सूर्यनमस्कार घाला, खो-खो खेळा, सायकल चालवा, नाहीतर आजीबरोबर बाजारापर्यंत पायी जा. परीक्षेच्या वर्षी खेळ प्रथम बंद करण्याची जी रूढी आपल्या घरांत आहे, ती साफ चुकीची आहे. तापलेले डोके निवविण्याचे साधनच आपण मुलाच्या हातून काढून घेतो.

चौथा उपाय लेखणीचा. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या विद्यार्थ्यांस परीक्षेची विशेष धास्ती वाटे, त्यांस परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या मनातील भीती कागदावर उतरवावयास सांगितले, तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. मनात घोळणारी चिंता बुद्धीची जागा अडवून बसते. कागदावर उतरली की ती जागा मोकळी होते. तो कागद कोणास दाखविण्याचे कारण नाही. लिहा, वाटल्यास फाडून टाका. पालकांनीही मुलाचे असे कागद उघडून वाचू नयेत.

पाचवा उपाय बोलण्याचा. ज्याच्यापाशी आपणांस लाज वाटणार नाही असे एक तरी माणूस प्रत्येक मुलाने हेरून ठेवावे. मग ती मावशी असो, आत्या असो, शिक्षक असो वा शेजारचा दादा असो. ऐकणाऱ्यानेही तत्काळ उपदेशाचा घडा रिता करू नये. मूल बोलू लागले म्हणजे आपण थोडा वेळ गप्प बसावे. हे अवघड आहे, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

असो. उपाय सांगून झाले. परंतु एक गोष्ट राहते, आणि तीच आमच्या मते मुख्य आहे. मुलाने नेमाने श्वास मोजला, नेमाने धावले, आणि घरी येताच “अमक्याचा मुलगा पाहा” हे वाक्य कानी पडले, तर सकाळपासूनचे सारे व्यर्थ होते. मुलांना शांत राहण्याची विद्या आपण शिकवावयाची आणि घरात तुलनेचा जाळही आपणच घालावयाचा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

येथे ज्ञातीचाही संबंध येतो. राज्याच्या परीक्षा मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे बंद केले, त्यास बरीच वर्षे झाली. आपण मात्र तीच यादी या व्यासपीठावरून टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने आजही वाचतो. ज्याचे नाव यादीत नाही, तो मुलगा मागच्या रांगेत बसून ती ऐकतो, किंवा डोके दुखण्याचे निमित्त सांगून घरी राहतो. जी संस्था आमच्या वडिलांनी गरीब मुलांची फी भरता यावी म्हणून उभी केली, तिच्या समारंभास येण्याची आपल्याच मुलास भीती वाटावी, हे आम्हांस शोभत नाही.

दुसरे असे की, मुलाचे मन खरोखर आजारी झाले तरी आपण ते ज्ञातीपासून लपवितो. “उद्या लग्न कसे जमेल?” हा प्रश्न डॉक्टरांच्या दाराआड येतो. झोप व भूक दोन-दोन आठवडे हरपली, आवडीच्या गोष्टीत रस राहिला नाही, मूल एकलकोंडे झाले किंवा जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवू लागले, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. तत्काळ मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक घरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. हाड मोडले तर आपण लपवीत नाही. मन दुखावले तर का लपवावे?

आता मंडळास तीन नम्र सूचना करतो. पुढील वर्षापासून यादी आडनावांच्या वर्णानुक्रमाने वाचावी आणि टक्केवारीचा उच्चार करू नये. परीक्षेस बसलेल्या प्रत्येक मुलामुलीस व्यासपीठावर बोलवावे. ज्यास त्याच पावसाळ्यात पुरवणी परीक्षा द्यावयाची आहे, त्यासही बोलवावे. आणि आपले सभागृह जे बहुतेक दिवस सायंकाळी कुलूपबंद असते, ते एका खोलीत संसार असलेल्या घरांतील मुलांसाठी अभ्यासिका म्हणून उघडावे. रात्री दहाला मात्र दिवे मालवून मुलांना झोपावयास घरी धाडावे.

यावर कोणी विचारील, “मग गुणवंतांचे कौतुक करावयाचेच नाही काय?” अवश्य करावे. शिष्यवृत्ती गुण पाहून व गरज पाहून खुशाल द्यावी. ती कचेरीत देता येते. कष्ट करून वर आलेल्या मुलाच्या यशास आम्ही यत्किंचितही उणे लेखीत नाही. किंबहुना त्या मुलाच्या उरावरही पुढल्या वर्षीच्या टक्क्यांचा धोंडा असतोच. त्यासही या मोकळेपणाची तितकीच गरज आहे.

समारंभ संपल्यावर आपणांपैकी पुष्कळजण आम्हांस नातवाचे टक्के विचारतील, हे आम्ही जाणतो. ते आम्ही सांगणार नाही. त्याऐवजी आपण त्यासच भेटावे आणि हल्ली झोप नीट लागते का, खेळावयास जातोस का, एवढेच विचारावे. आपापल्या घरी गेल्यावर हेच दोन प्रश्न आपापल्या मुलांनाही विचारावेत, अशी विनंती आहे.