कचऱ्याचा धनी कोण?

झाडीपट्टीतील जुन्या खेड्यात प्रत्येक शेतकऱ्याच्या घरामागे उकिरडा असे, आणि त्या उकिरड्याला धनी असे. गोठ्यातील शेण, चुलीची राख, तणसाचा चुरा, भाजीची देठे हे सारे वर्षभर तेथे साठे. पावसाळा जवळ आला म्हणजे ते बैलगाडीत भरून बांधीत नेले जाई आणि त्याच खतावर पुढील धान उभे राही. शेजाऱ्याने त्यातील पाटीभर खत न विचारता उचलले तर भांडण जुंपे. आज गोंदिया शहराच्या एखाद्या मोकळ्या भूखंडावर ढीग पडतो, तेव्हाही भांडण होतेच. परंतु ते अगदी उलट. तो ढीग आपला नव्हे, असे प्रत्येक घर शपथेवर सांगत असते. या दोन भांडणांतील अंतरातच आजच्या प्रश्नाचे मूळ आहे. कचरा वाढला हे खरे; पण त्याहून मोठी गोष्ट ही की, कचरा निर्धनी झाला.

हे कसे घडले? मुंबई-हावडा लोहमार्गावरील जंक्शन, भाताच्या गिरण्या आणि विडीचा व्यापार यांनी गोंदिया वाढविले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाल्यावर कचेऱ्या व वस्त्याही वाढल्या. बांधी दूर गेली आणि उकिरड्याचे प्रयोजन संपले. त्याच काळात कचऱ्याची जातही पालटली. पूर्वी लग्नाच्या पंगतीत पळसाच्या पत्रावळी असत. त्या उष्ट्यासह खड्ड्यात टाकल्या तरी पुढल्या वर्षी त्यांची माती होई. आता पंगतीनंतर उरतात त्या थर्माकोलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे पेले. पानठेल्यावरून खर्ऱ्याची पन्नी सुटते ती थेट नालीत जाते. माती ज्याला आपले म्हणत नाही, असा हा कचरा आहे.

बेकायदा ढिगाचा जन्म पाहिला तर तो फार साधा असतो. दोन प्रभागांच्या सीमेवरचा कोपरा, मालक परगावी असलेला भूखंड, तलावाची पाळ, शाळेच्या भिंतीमागची अंधारी जागा अशा ठिकाणी एक पिशवी पडते. पहिली पिशवी टाकणाऱ्याला संकोच वाटतो. दहाव्याला वाटत नाही, कारण जागा ठरून गेलेली असते. बहुधा ही पिशवी टाकणारा मनुष्य दुष्ट नसतो. घंटागाडी येते तेव्हा तो कामावर निघून गेलेला असतो किंवा ती त्याच्या अरुंद गल्लीत शिरतच नाही. घरात कुजणारी पिशवी दोन दिवस ठेवावी असे कोणाला वाटेल? म्हणून ती रात्री झाकल्या हाताने बाहेर जाते.

परिणाम मात्र उघड्यावरच भोगावे लागतात. पन्नीने नाली तुंबते, सांडपाणी साचते आणि त्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो. हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास तो हाच. या रोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे पॅट्रिक मॅन्सन या वैद्याने १८७७ साली चीनमध्ये दाखवून दिले. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांना हा रोग परका नाही. त्यासाठी घरोघर गोळ्या वाटण्याच्या मोहिमा सरकारने वर्षानुवर्षे चालविल्या. सुजलेला पाय एकदा जडावला की, औषधाने तो पूर्ववत् होणे कठीण. नांगरणारा मनुष्य घरी बसतो. गल्लीच्या तोंडाशी फेकलेल्या पिशवीची किंमत अशी कोणा तिऱ्हाइताच्या पायाला मोजावी लागते.

पाण्याची हानीही तशीच. गोंदियालगतची पांगोली पुढे वाघ नदीला मिळते, वाघ वैनगंगेला आणि वैनगंगेचे पाणी अखेर गोदावरीस जाते. काठावर टाकलेली घाण पहिल्या पुराबरोबर दृष्टीआड होते, म्हणून ती नाहीशी झाली असे समजणे भाबडेपणाचे आहे. मालगुजारीच्या काळातील तलाव व बोड्या तर या जिल्ह्याचे वैभव. ज्या पाळीवर माती टाकून पूर्वजांनी पाणी अडविले, तीवर कचरा टाकून वंशजांनी तेच पाणी नासवावे, यापरती विसंगती कोणती?

कायदा मुका आहे असेही नाही. घनकचऱ्यासंबंधी केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांत रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नालीत वा जलाशयात कचरा टाकणे, जाळणे व पुरणे यांस स्पष्ट मनाई होती. ओला, सुका व घरगुती घातक असा तिहेरी भेद घरातच करण्याचे कर्तव्य नागरिकावर घातले होते. दंडाचा धाक अवश्य असावा. गाडी भरून बांधकामाचा मलबा टाकणाऱ्यास तर तो झालाच पाहिजे. परंतु गाडीच न येणाऱ्या गल्लीत केवळ दंड केला, तर ढीग एका कोपऱ्यातून उठून दुसऱ्या कोपऱ्यात बसेल एवढेच.

मग उपाय कोणता? कोकणातील वेंगुर्ल्याचे उदाहरण बोलके आहे. तेथील छोट्या नगरपरिषदेने २०१५ च्या सुमारास, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकीर्दीत, कचऱ्याचे घरोघर वर्गीकरण करविले. ओल्या कचऱ्यापासून वायू व खत होऊ लागले, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला, आणि नाक दाबून ओलांडावा लागणारा कचरा डेपो लोक पाहावयास येण्याजोगा झाला. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. जे हात उकिरडे उपसत होते, त्यांच्याच हाती घरोघरचा कचरा गोळा करण्याचे मानाचे काम आले. दोन्हीकडे गुरुकिल्ली एकच: प्रत्येक जिनसेला तिचा पुढचा धनी नेमून दिला गेला.

गोंदियात हा विचार गिरण्यांपासून आरंभिता येईल. शंभर किलो धान कांडले की, सुमारे वीस किलो तूस निघते. ते भट्टीत जाळले तरी तीन-चार किलो राख उरते. हीच राख रस्त्याकडेला ओतली तर वाऱ्याने डोळ्यांत जाते आणि विटांच्या भट्टीवर पोचविली तर कामाला येते. मंगल कार्यालये, भाजीबाजार, खानावळी यांचेही असेच. ज्याचा कचरा मोठा, त्याची जबाबदारी आधी.

आणि गल्लीने काय करावे? ढीग असलेल्या कोपऱ्यावर तक्ता लावण्यापूर्वी तेथे कोण, केव्हा आणि का कचरा टाकतो हे आठ दिवस पाहावे. गाडीची वेळ चुकत असेल तर ती नगरपरिषदेकडून बदलून घ्यावी. मग एकाच दिवशी जागा पूर्ण साफ करून तेथे दिवा लावावा आणि पहिले पंधरा दिवस कोणीतरी आळीपाळीने सायंकाळी तेथे बसावे. रिकाम्या जागेवर ढीग बसतो. जिच्यावर माणूस बसतो, तिच्यावर बसत नाही.

वऱ्हाडच्या मातीत १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज गावात शिरताच प्रथम झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. गाव झाडणारा परका असूनही त्या धुळीचा धनी होई. मग गावकऱ्यांनाच लाज वाटून ते खराटे घेऊन पुढे येत. खराटा आजही प्रत्येक घरी आहे. तो उंबरठ्यापाशी थांबतो, एवढेच. घरातील केर उंबरठ्याबाहेर गेला म्हणजे आपला राहत नाही, हा समज ज्या दिवशी सुटेल, त्या दिवशी कोपऱ्यावरचा ढीग पहिल्या पिशवीलाच मुकेल.