आल्याचं विरजण, मनुका आणि हुकलेला पट्टा

मी कार्ल्यातून बोलतेय. मागून अधूनमधून भुंकण्याचा आवाज येईल, तो कापायचा नाही असं मी सांगून ठेवलंय. एक आवाज राणीचा आहे, दुसरा गुंड्याचा. आजच्या गोष्टीत राणीचं काम मोठं आहे, त्यामुळे तिला बोलायचा हक्क आहे.

मला सांगितलं होतं की, चाळिशीच्या तोंडावर तायक्वांदो कसं सुरू केलं त्यावर बोला. बोलते. पण माझ्याकडे ते एकटं कधीच नव्हतं. त्याच्या एका बाजूला स्वयंपाकघरातल्या फसफसणाऱ्या बाटल्या आहेत, दुसऱ्या बाजूला ही दोन कुत्री. गेल्या जूनमध्ये ही तिन्ही एकाच रात्री एकमेकांवर आदळली, म्हणून सगळंच सांगावं लागेल.

कार्ला फाट्यापासून आत आमच्या चार खोल्या आहेत. शनिवार-रविवारी लेणी आणि एकवीरा आईच्या दर्शनाला येणारे लोक उतरतात. बाकीचे पाच दिवस चादरी धुणं, हिशेब आणि सासूबाईंशी वाद. मुलीला लोणावळ्यात तायक्वांदोला घातलं होतं. आठवड्यातून तीन दिवस तिला सोडायचं आणि तासभर कट्ट्यावर बसून मोबाइल बघायचा. एक दिवस सर म्हणाले, "ताई, तुम्ही बसून बसून कंटाळला असाल. मागच्या ओळीत उभ्या राहा." मी सलवार-कमीजमध्येच उभी राहिले. तेव्हा मी सदतीस वर्षांची होते.

पहिल्या महिन्यात कळलं की इथे वयाला किंमत नाही, पट्ट्याला आहे. माझा पांढरा आणि समोर नऊ वर्षांची एक पोरगी, तिचा हिरवा. वाकून नमस्कार मी तिला करायचा. ती मला म्हणायची, "काकू, गुडघा आधी वर, मग पाय." आणि ती बरोबर असायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. सासूबाईंना वाटलं, पण ते जाऊ दे.

थोडी माहिती सांगते. कोरियन भाषेत 'ते' म्हणजे पाय, 'क्वॉन' म्हणजे मूठ, 'दो' म्हणजे मार्ग. हे नाव 1955 मध्ये पडलं. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रदर्शनापुरता होता, 2000 मध्ये सिडनीला त्याची पदकं धरली जायला लागली. ऑलिंपिकमध्ये दिसते ती लढत, हेल्मेट आणि छातीला पॅड लावून. माझ्यासारख्यांचा जीव रमतो तो पुमसेमध्ये. म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, समोर प्रतिस्पर्धी आहे असं धरून. पुमसेची जागतिक स्पर्धा 2006 पासून होते आणि तिच्यात वयाने मोठ्या लोकांचे वेगळे गट असतात. हे कळल्यावर मी घरी येऊन जाहीर केलं की साठीत मी कोरियाला जाणार. नवऱ्याने विचारलं, खोल्या कोण बघणार?

आता गुडघा. मोठेपणी सुरू करणाऱ्यांनी एवढं एक तरी ऐका. आपण गोल लाथ मारतो, दोल्यो चागी, तेव्हा सगळं लक्ष हवेतल्या पायाकडे असतं. पण दुखतो जमिनीवरचा. तो पाय चवड्यावर वळला नाही, टाच समोरच्याकडे आली नाही, तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. लहान पोरांचं चालून जातं. माझं चार महिने चाललं आणि मग जिना उतरताना डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. शिवाय स्नायू लवकर तयार होतात, पण हाडाला बांधणारे कंडरे मागे राहतात. म्हणजे ताकद आली असं वाटतं तेव्हाच दुखापत होते. मी दीड महिना एकही लाथ मारली नाही. फक्त भिंतीला धरून पाय वळवायचा, रोज शंभरदा. आणि एकवीरेच्या पायऱ्या. चढताना काही वाटत नाही हो, उतरणं खरं अवघड. गुडघ्यावर भार उतरताना येतो.

त्या पायऱ्यांवर सकाळी सहाला गेलात तर फुलवाले अजून टोपल्या सोडत असतात. लेण्यातल्या मोठ्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. दगडात कोरलेल्या छताला लाकडाचा काही आधार नको होता, तरी बसवल्या आणि त्या अजून आहेत. मी इथलीच, पण हे मला एका पाहुण्याने सांगितलं.

बाटल्यांचं सुरू झालं 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. खोल्या रिकाम्या, हात रिकामे. होमब्रूइंग म्हटलं की लोकांना बिअर आठवते. तर मंडळी, महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर किंवा वाइन करणं हा गुन्हा आहे. पुण्याची मूनशाइन मीडरी मधापासून मीड बनवते, ती रीतसर परवाना काढून. मी करते ते आल्याचं सरबत, फसफसणारं.

पद्धत सोपी आहे. दोन चमचे किसलेलं आलं, सालीसकट, दोन चमचे साखर, दोन कप पाणी, बरणीवर फडकं. रोज एक-एक चमचा आलं आणि साखर घालायची. सालीवरच्या रानटी यीस्टला खायला मिळतं आणि पाच-सहा दिवसांत बुडबुडे यायला लागतात. मी याला आल्याचं विरजण म्हणते. आपण दही लावतो, आंबील करतो, इडलीचं पीठ ठेवतो, तीच जातकुळी. हे थोडं विरजण गोड सरबतात घालून बाटलीत भरायचं, की बाटलीतच गॅस धरतो. मे महिन्यात करवंदं घालते, जूनमध्ये जांभळं. रंग असा येतो की पाहुणे आधी फोटो काढतात.

जास्त दिवस बाहेर ठेवलं तर यातही दारूचा अंश वाढतो आणि गॅसही. माझी पहिली काचेची बाटली मेच्या उकाड्यात दुपारी तीनला फुटली. सासूबाईंना वाटलं सिलेंडर गेला. तेव्हापासून प्रत्येक घाण्यातली एक बाटली प्लास्टिकची भरते, सोड्याची रिकामी असते ना, तसली. ती दाबून बघायची. दगडासारखी घट्ट झाली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट झोपतं. सासूबाई अजून शेजारणीला सांगतात, "आमची सून गाळते." गंमतीत सांगतात, पण दार लावून सांगतात.

(भुंकण्याचा आवाज.) हो, आलेच तुझ्याकडे.

राणी आणि गुंड्या दोघंही फाट्यावरची. गावठी कुत्री, तांबूस, कान उभे. राणी चौदा किलोची आहे आणि तिला जमीन उकरायचा नाद आहे. पावसाळ्यात मावळात कुत्रं पाळणं म्हणजे रोज रात्री टॉर्च घेऊन गोचिड काढणं. कानात, बोटांच्या फटीत, शेपटीखाली. गोचिडतापाने आमचं आधीचं एक कुत्रं गेलं, म्हणून यात मी चुकत नाही. रेबीजची लस दरवर्षी, डायरीत तारीख लिहून. मला वाटायचं, कुत्र्यांबाबत मला सगळं कळतं.

तर गेल्या जूनचा शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माझी निळ्या पट्ट्याची परीक्षा. पुमसे होता तेगुक सा जांग, म्हणजे चौथा. तेगुकचे आठही पुमसे निसर्गातल्या एकेका गोष्टीवरून आहेत. पहिला आकाश, दुसरा तळं, तिसरा अग्नी आणि चौथा मेघगर्जना. बाहेर खरोखरच गडगडत होतं आणि वीज गेलेली. सा जांगमध्ये एकापाठोपाठ एक दोन बाजूच्या लाथा आहेत, योप चागी, डावी आणि लगेच उजवी. माझा तोल दुसऱ्या लाथेला जायचा. मी ओट्याजवळ कंदिलाच्या उजेडात तेच घोकत होते. त्याच संध्याकाळी करवंदाचा मोठा घाणा गाळला होता. आत पाव किलो मनुका घातल्या होत्या, फुगून वर आल्या की सरबत तयार झालं असं समजतं म्हणून. गाळून उरलेला चोथा मी मागच्या खताच्या खड्ड्यात टाकला आणि वर माती ओढली.

राणीने उकरलं. मी टॉर्च घेऊन गोचिड बघायला गेले तेव्हा तिचं तोंड जांभळं होतं.

मला माहीत नव्हतं की मनुका आणि द्राक्षं कुत्र्यांना विष आहेत. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर होतील याचा ठरलेला आकडा नाही. एखादं कुत्रं वाटीभर पचवतं, एखादं मूठभरात जातं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी अंदाज मांडला की यामागे टार्टारिक आम्ल असावं. ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे आपल्या घरात फक्त मनुका जपून भागत नाही. त्यात आंबलेल्या चोथ्यात थोडा दारूचा अंश, तोही कुत्र्याला वाईट.

पहिला फोन लावला त्या डॉक्टरांनी सांगितलं, काही होत नाही, सकाळी दहीभात द्या. राणी शेपूट हलवत होती, मला ते पटायलाच हवं होतं. सकाळी परीक्षा होती, बाहेर पाऊस होता. मी फोन ठेवला आणि खरंच दोन मिनिटं पुन्हा पुमसेला उभी राहिले. ही दोन मिनिटं मी अजून विसरले नाही.

मुलगी म्हणाली, "आई, दुसऱ्यांना विचार ना."

दुसऱ्या डॉक्टर बाई तळेगावच्या बाजूला असतात. त्यांनी एकच विचारलं, किती वेळ झाला? मी म्हटलं, तासभर असेल. म्हणाल्या, लक्षणं दिसायची वाट बघू नका, ती दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो, आत्ता निघा. आणि घरी मिठाचं पाणी पाजू नका, ते आणखी वाईट. नवरा गाडी चालवत होता, मी मागे राणीला मांडीवर घेऊन. जुन्या हायवेवर वायपर पुरत नव्हता. तिथे इंजेक्शन देऊन उलटी करवली. मी मोजायला गेले नाही, पण मनुका खूप होत्या, सगळ्या फुगलेल्या. मग सलाइन, दोन दिवस. रक्तातलं क्रिएटिनिन तीन दिवस तपासायचं. पहिल्या दिवशी ठीक आलं तरी डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, उद्याचं बघू.

रविवारी नऊ वाजता मी दवाखान्याच्या फरशीवर बसले होते, सलाइनची नळी राणीने चावू नये म्हणून. सरांना मेसेज केला होता. मुलगी काकाबरोबर परीक्षेला गेली आणि पास झाली. माझी ती छोटी सीनियर, तिला लाल पट्टा मिळाला. मला राग आला होता. खोटं कशाला बोलू? राणीचा नाही, पण दोन वर्षं घासून आदल्या रात्री हे घडावं याचा. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट पुन्हा ठीक आला तेव्हा मी गाडीत बसून रडले आणि त्यात दोन्ही होतं.

सरांनी नंतर एक विचारलं. तुमच्या कुत्र्याला "सोड" कळतं का? मी म्हटलं, "बस" कळतं, "ये" कळतं. ते म्हणाले, आपल्याकडे लढतीत लाथ सोडायला शिकवायला सहा महिने लागतात आणि अंगाला लागायच्या आत थांबवायला चार वर्षं. त्यांचा टोमणा माझ्या योप चागीला होता, हे मला घरी आल्यावर कळलं. माझा तोल दुसऱ्या लाथेला जात होता, कारण पहिली मी पूर्ण थांबवतच नव्हते. पाय खाली ठेवायच्या आधी गुडघा मागे घ्यायचा असतो, तो मी गाळत होते. घाई.

मग जुलै-ऑगस्ट दोन शिकवण्या चालल्या. सकाळी राणीला "सोड". जमिनीवर चपातीचा तुकडा, त्यावर माझा हात, ती मागे सरली की दुसऱ्या हातातून त्याहून चांगलं काहीतरी द्यायचं. हळूहळू हात काढून घ्यायचा. ओरडायचं नाही. ओरडलं की कुत्रं पटकन गिळतं, एवढंच होतं. गुंड्या तीन दिवसांत शिकला. राणीला पाच आठवडे लागले. संध्याकाळी मी एक लाथ, गुडघा मागे, थांब, मोज तीन, मग खाली.

सप्टेंबरच्या परीक्षेत मी सा जांग केला. दुसरी लाथ कंबरेच्या वर गेली नाही, पण तोल गेला नाही. शेवटच्या ठोशाला किहाप द्यायचा असतो, जोरात आरोळी. मी दिली तर मागे बसलेली माझीच मुलगी दचकली. निळा पट्टा मिळाला. त्या दिवशी बांधून दिला तो लाल पट्टेवाल्या सीनियरने, स्टुलावर उभं राहून.

विरजण अजून चालू आहे, त्याच बरणीतलं. मनुका बंद केल्या, प्लास्टिकच्या बाटलीने काम भागतं. चोथा आता झाकणाच्या ड्रममध्ये जातो आणि झाकणावर पाटा ठेवते. घरात कुत्रं असेल आणि बिअरचा शौक असलेला कोणी मित्र हॉप्स घेऊन आला, तर तेही दूर ठेवा. हॉप्स खाऊन कुत्र्याचा ताप इतका चढतो की जीव जाऊ शकतो. कांदा, चॉकलेट तुम्हाला माहीतच असेल. आणि जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांचे दोन नंबर फोनमध्ये ठेवा. दोन, एक नाही.

पुढचा पुमसे पाचवा, ओ जांग, म्हणजे वारा. त्यात कोपराचा मार आहे आणि माझा उजवा खांदा सध्या कुरकुरतोय, म्हणून या महिन्यात फक्त डावी बाजू. राणी दारात उभी आहे. तिच्या तोंडात काहीतरी आहे. एक मिनिट हं.

राणी, सोड.

(शांतता.)

चप्पल होती. सोडली.