मौन आणि पवारणा

बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा हे सरहद्दीवरचे गाव. कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा तेथील बाजारात एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून वावरतात. अशा गावात अनोळखी माणसाची जात ओळखण्यास आडनाव फारसे उपयोगी पडत नाही. कारण गावाच्या नावापुढे ‘कर’ लावला की ब्राह्मण, मराठा, दलित, सारेच त्यात मावतात. म्हणून पुढचा प्रश्न येतो : घर कोणत्या बाजूला? वस्तीच्या एका टोकाला मराठीत महारवाडा म्हणत आणि कन्नडात होलगेरी म्हणत. भाषा पालटली तरी प्रश्नाचा रोख पालटत नाही.

या मुलखाला बौद्ध धम्म परका नाही. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे भारतीय पुरातत्त्व खात्याने १९९४ पासून उत्खनन केले, तेव्हा एका भव्य स्तूपाचे अवशेष निघाले आणि त्यातील एका शिल्पावर ‘रायो असोको’ अशी अक्षरे आढळली. अशोकाचे शिल्प त्याच्या नावानिशी तेथे कोरलेले होते. तो धम्म लोपला आणि कित्येक शतकांनी दुसऱ्याच वाटेने परतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर अवघ्या १८ दिवसांनी, १ नोव्हेंबरला, हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. नव्या धर्माची वार्ता आणि नव्या राज्याची वार्ता येथील मराठी भाषक दलितांच्या कानी जवळजवळ एकदमच पडली. पुढे २००९ च्या जानेवारीत कलबुर्गीच्या बुद्धविहाराचे उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. आज त्या विहाराच्या पायऱ्या सर्व जातींची माणसे चढतात. कोणी पूजेला येतो, कोणी नुसता पाहायला, कोणी डोळे मिटून बसायला.

डोळे मिटून बसणाऱ्यांचाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले व त्यांनी त्याच वर्षी मुंबईत पहिले विपश्यना शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहिले. दहा दिवसांच्या त्या शिबिरात पहिले नऊ दिवस आर्य मौन पाळावयाचे असते. कोणी कोणास नाव विचारीत नाही, मग जात कोठली? एका रांगेत आसने, एका ओळीत जेवण. ज्या देशात पंगत हीच जातीची मोजपट्टी होती, त्या देशात ही गोष्ट सामान्य नव्हे. शेजारी कोण बसला आहे हे ठाऊक नसताना त्याच्या श्वासाची लय ऐकू येते, आणि तेवढ्या अवधीपुरती का होईना, माणूस माणसाशेजारी बसतो.

परंतु दहाव्या दिवशी मौन सुटते. गाव विचारले जाते, नंतर आडनाव, नंतर घराची बाजू. मौनाने जात झाकली होती, घालविली नव्हती. झाकलेली जखम आणि भरलेली जखम यांत जो भेद आहे तो वैद्याला शिकवावा लागत नाही, पण ध्यानाच्या मंडळींना मात्र त्याचा विसर पडतो. ‘येथे आम्ही जात मानीत नाही’ हे वाक्य बहुधा ज्याला जातीचा उपद्रव झालेला नाही असाच मनुष्य उच्चारतो. ज्याला झालेला आहे तो ते ऐकून गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याला शांती समजले जाते.

त्याच्या गप्प बसण्याची कारणेही पुष्कळ आहेत. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना १९९० सालापर्यंत मिळत नव्हत्या; म्हणून किती तरी कुटुंबांत भिंतीवर बुद्ध आणि शाळेच्या दाखल्यावर जुनी जात असा दुहेरी संसार चालला. घरात एक बोलावे आणि कचेरीत दुसरे लिहावे, ही सवय एका पिढीकडून दुसरीकडे गेली. त्यातच ध्यानाच्या आसनावर त्याला सांगण्यात येते की दुःखाचे मूळ तृष्णेत आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर माणसे गेली ती कोणत्या तृष्णेने? पाण्याच्याच! ती तहान सोडून द्या असे त्यांना कोणी सांगितले असते, तर तो उपदेश नव्हे, क्रूर थट्टा ठरली असती. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या, त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, माणसाने माणसाला दिलेल्या दुःखावर जो भर आहे, तो याच अनुभवातून आला. पाली भाषेत ‘वेदना’ म्हणजे सुखद, दुःखद वा दोन्ही नसलेली कोणतीही संवेदना. मराठीने त्यातली दुःखाची तेवढी ठेवून घेतली. महारवाड्यातल्या माणसाने हा शब्द ऐकला तर तो मराठीतच ऐकणार.

इंग्रज भिक्षू संघरक्षित यांच्या प्रेरणेने १९७९ पासून पुण्याहून जी बौद्ध चळवळ महाराष्ट्रात पसरली, तिने आंबेडकरांचा विचार आणि ध्यान यांची सांगड घालण्याचा यत्न केला. तिच्या शिबिरांत मैत्रीभावना पाच पायऱ्यांनी शिकवितात : प्रथम स्वतः, मग मित्र, मग ज्याच्याविषयी राग ना लोभ असा कोणी, मग ज्याच्याशी वैर आहे असा, आणि शेवटी सर्व प्राणिमात्र. दलित साधकाची कसोटी चौथ्या पायरीवर लागते; तेथे त्याला एखाद्या वाड्यातील चेहरा आठवतो. त्या वाड्यातील मुलाची कसोटी मात्र चौथ्या पायरीवर लागत नाही, कारण त्याचे कोणाशी वैर नसते. त्याची खरी कसोटी तिसऱ्या पायरीवर आहे. अंगणाबाहेर उभे राहून ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि ज्यांचे चेहरे त्याने नीट पाहिलेच नाहीत, ते सारे तेथे उभे असतात. आणि ही गोष्ट केवळ वाड्याची नाही. महार, मांग आणि चांभार यांच्यातील, कन्नड बाजूला होलेय आणि मादिग यांच्यातील अंतरही दीक्षेने आपोआप मिटलेले नाही. सोयरिकीची बोलणी सुरू झाली की ते दिसते.

अमेरिकेत हाच प्रश्न वर्णाच्या रूपाने उभा राहिला. तेथील ध्यानमंडळांत गोऱ्या, सुखवस्तू लोकांचा भरणा होता आणि कृष्णवर्णी साधकाने वर्णद्वेषाचा उल्लेख केला की त्याला श्वासाकडे परत जाण्यास सांगितले जाई. तेव्हा कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे २००७ साली ईस्ट बे मेडिटेशन सेंटर निघाले, ते या उपेक्षितांना मध्यभागी ठेवूनच. रूथ किंग या कृष्णवर्णी आचार्यांनी २०१८ साली या विषयावर ग्रंथ लिहून असे सुचविले की एकेका वर्णाच्या लोकांनी प्रथम आपापल्या लहान गटांत बसून मोकळेपणी बोलावे. त्यांची योजना विचार करण्याजोगी आहे, पण चिटगुप्प्याला ती जशीच्या तशी लागू पडणार नाही. तेथे वेगळे बसणे स्वेच्छेचे आहे. येथे वेगळी कपबशी आणि वेगळा पाणवठा लादला गेला होता. आपल्या माणसांत दुःख बोलून हलके व्हावे हे ठीक. तथापि येथील बोलणे तेवढ्यावर थांबले तर जुनी वेसच पुन्हा उभी राहील. ते सर्वांसमोर व्हावयास हवे.

आणि सर्वांसमोर बोलण्याची रीत या मातीला नवी नाही. चिटगुप्प्यापासून जवळच असलेल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात शरण मंडळी जमत. त्यांत चांभार हरळय्या होता, ढोर कक्कय्या होता. त्या सभेला नावच अनुभवमंटप आणि त्यांच्या रचनांना नाव वचन, म्हणजे बोललेले! हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झाला आणि त्यापायी दोघा बापांना प्राणाला मुकावे लागले, असे परंपरा सांगते. बोलण्याची किंमत त्या गावाने मोजलेली आहे.

बौद्ध परंपरेकडे पाहिले तर विनयपिटकात याविषयी एक स्पष्ट कथा आहे. कोसल देशात काही भिक्षूंनी वर्षावासाचे तीन महिने एकोप्याने घालविण्यासाठी एकमेकांशी न बोलण्याचा ठराव केला. महिने सुखाने गेले. नंतर ते बुद्धाच्या दर्शनास आले आणि त्यांनी आपला उपाय मोठ्या समाधानाने सांगितला. त्यांची वाहवा होण्याऐवजी त्यांना असे ऐकावे लागले की ते गुराढोरांसारखे, मेंढरांसारखे एकत्र राहिले. असे मूकव्रत बुद्धाने निषिद्ध केले आणि त्याऐवजी पवारणेचा विधी घालून दिला. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्षूने हात जोडून संघाला विनवावयाचे की माझे काही चुकलेले पाहिले असेल, ऐकले असेल किंवा नुसती शंका आली असेल, तरी कृपा करून सांगा. ‘शंका’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. जातीचा बहुतेक व्यवहार पुराव्याने दिसत नाही. तो कप कोठे ठेवला, पाणी कसे ओतले, एवढ्यावरून फक्त जाणवतो.

या विधीत प्रथम वडीलधाऱ्याने विनवावयाचे असते. नवख्याची पाळी शेवटी. संयुत्तनिकायात तर एका पवारणेच्या रात्री स्वतः बुद्धानेच आधी विचारल्याचे वर्णन आहे. चिटगुप्प्यासारख्या गावी एखाद्या ध्यानवर्गाने हा विधी उचलला, तर पहिली विनवणी वेशीच्या आतल्या माणसाने करावयाची. शाक्य राजपुत्रांनी, आपला कुलाभिमान उतरावा म्हणून, आपल्या न्हाव्याला, उपालीला, आधी दीक्षा द्यावी अशी विनंती केली होती आणि मग त्याला वंदन केले होते. हाच उपाली पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत उभा राहिला, आणि संघाचे सारे नियम, त्यांत पवारणेचाही, परंपरेनुसार त्याच्याच मुखातून म्हणून घेण्यात आले.