पोस्टाने मिळालेली पदवी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दूरशिक्षणाच्या गुणदोषांवर बोलण्यास मला सांगण्यात आले, ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. बारावीनंतर कारकून म्हणून मी दिल्लीत आलो आणि पोस्टाने बी. ए. झालो, एवढाच माझा अधिकार.

या शिक्षणाचा आपल्या देशातील आरंभ याच शहरी झाला. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८७ साली दोन पदविका व ४,५२८ विद्यार्थी घेऊन त्याचे अध्यापन सुरू झाले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले यांनी पुढे दिल्लीच्या या विद्यापीठाचीही धुरा वाहिली, हे आपणांस भूषणावह आहे.

लाभ उघड आहेत. नोकरी सोडावी लागत नाही आणि बदली झाली तरी अभ्यास मोडत नाही. लग्न होऊन इकडे आलेल्या आपल्या किती भगिनींनी अर्धवट राहिलेली पदवी स्वयंपाकघर सांभाळून पुरी केली, हे या सभागृहात मी सांगण्याची गरज नाही.

उणीव मात्र मला एका शब्दाने शिकविली. माझी पुस्तके हिंदीत होती. अर्थशास्त्रात ‘माँग की लोच’ असे प्रकरण आले. मी मराठी माणूस. ‘लोच’ म्हणजे लोचटपणा असे धरून चाललो! भाव वाढला तरी वस्तूला चिकटून राहतो तो गिऱ्हाईक, असा अर्थ मी कित्येक महिने उराशी बाळगला. खरा अर्थ नेमका उलटा. स्वाध्याय तपासून परत येत, पण त्यांवर गुण आणि सही यांखेरीज काही नसे. अखेर मंडळाच्या वाचनालयात एका निवृत्त सभासदांनी विचारले, ‘‘मीठ महागले तर तुम्ही आमटी अळणी खाल काय? आणि हापूसची पेटी महागली तर?’’ पाच मिनिटांत प्रकरण उलगडले.

आज पोस्टमनची वाट पाहावी लागत नाही. २०१७ पासून ‘स्वयम्’वर व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. परंतु २०२० च्या महामारीत आपली मुले दिवसभर मोबाईलपुढे बसली, तेव्हा पाठ समोर होता आणि शंका विचारायला शेजारचा बाक नव्हता, हे आपण सर्वांनी पाहिले. पाठ दूरवर पाठविता येतो. शेजारचा बाक पाठविता येत नाही.

तो बाक आपल्याजवळ आहे. हे सभागृह सोमवार ते शुक्रवार सायंकाळी कुलूपबंद असते. मुक्त विद्यापीठाच्या सत्रांत परीक्षा जून व डिसेंबरमध्ये असतात. निदान एप्रिल आणि ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोन सायंकाळी ते अशा विद्यार्थ्यांसाठी उघडावे, अशी कार्यकारिणीस माझी विनंती आहे. निवृत्त शिक्षक, हिशेबनीस, अभियंते आपल्यात थोडे नाहीत. मंगळवारी किल्ली आणण्याचे काम माझ्याकडे द्यावे.